जर्मनीत नोकरी आणि शरदातले शनिवार-रविवार: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापूरची, पेशाने नर्स. श्टुटगार्टजवळच्या एका इस्पितळात तीन वर्षं नोकरी केली, तीन शरद ऋतू तिथे काढले आणि आता परत जुळे सोलापुरात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून आमच्या ओळखीतली बरीच पोरं-पोरी जर्मन शिकायला लागली आहेत. व्हिसा, परीक्षा, पगार हे त्यांना क्लासात समजतं. "पण सुट्टीच्या दिवशी करायचं काय ओ ताई?" हे विचारायला ती माझ्या घरी येतात. त्यांच्या आयाही येतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात. त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

नोकरी सांभाळून फिरायला खरंच वेळ मिळतो का?

मिळतो, पण आपण धरून ठेवला तर. इस्पितळात किंवा हॉटेलात काम असेल तर प्रत्येक शनिवार-रविवार मोकळा नसतो. कायद्याने साधारणपणे वर्षातले किमान १५ रविवार सुट्टीचे मिळायला हवेत, आणि रविवारी काम केलं तर बदली सुट्टी मिळते. महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक हातात आलं की आधी दोन दिवस सलग कुठे मोकळे आहेत ते शोधा आणि त्यावर खूण करा. मी पहिल्या वर्षी तसं केलं नाही. ऑफ आला की दुपारपर्यंत झोपायचं, मग कपडे धुणं, मग फोन, आणि अंधार. ऑक्टोबर संपला तेव्हा मी इस्पितळ, बसथांबा आणि सुपरमार्केट एवढंच पाहिलं होतं.

ज्यांना आठवड्यातला मधलाच वार सुट्टीचा मिळतो त्यांनी एक लक्षात ठेवावं: सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

युरोपात आहोत तर शनिवार-रविवारी पॅरिस, ॲमस्टरडॅम असं उरकून घ्यावं का?

पहिल्या शरदात नको, असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर जड ड्युटी केल्यावर शुक्रवारी रात्री बसमध्ये बसायचं, शनिवारी मान अवघडलेल्या अवस्थेत फोटो काढायचे, रविवारी रात्री परत आणि सोमवारी पहाटे वॉर्डात. पैसेही जातात आणि डोळ्यांत काही राहत नाही. मोठी शहरं पुढच्या वर्षीही तिथेच असतील. शरदातला चांगला उजेड मात्र जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, आणि तो तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगरात आणि द्राक्षमळ्यांत पडलेला असतो.

जवळची दोन-तीन ठिकाणं धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. मी एसलिंगनच्या द्राक्षमळ्यांतली एकच वाट सप्टेंबरमध्ये हिरवी, ऑक्टोबरच्या मध्याला पिवळी आणि नोव्हेंबरमध्ये नुसत्या काड्यांची पाहिली. तिसऱ्या वेळी एका मळेवाल्या आजोबांनी ओळखून हात केला. परक्या देशात कुणीतरी आपल्याला ओळखलं, याचं मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

जवळ म्हणजे नेमकं कुठे?

मी श्टुटगार्टच्या बाजूला होते म्हणून तिथलंच सांगते. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले सहकारी सांगतील. रविवारी कुठे चालायला जाता एवढं विचारा, लोक मनापासून सांगतात.

माझी सगळ्यात आवडती जागा बाड उराख. श्टुटगार्टहून मेट्झिंगनला गाडी बदलून जायचं. तिथे रानात ३७ मीटर उंचीवरून सरळ पडणारा एक धबधबा आहे. पाण्यात चुना इतका, की त्याचे थर साचून खालचा कडा हळूहळू पुढे वाढत आला आहे. त्यावर जाड हिरवं शेवाळ, आणि भोवती बीच नावाची झाडं तांब्याच्या रंगाची झालेली. वर जायला पायऱ्या आहेत. ओल्या पानांवरून पाय सटकतो, म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट पाहिजेतच.

उल्मला एकदा तरी जाच. तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच आहे. १३७७ मध्ये सुरू झालेलं काम १८९० मध्ये पुरं झालं, आणि त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं जगातलं सर्वांत उंच चर्च तेच होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या चर्चने त्याला मागे टाकलं. वर जायला ७६८ पायऱ्या आहेत. दुरुस्ती चालू असली की अगदी वरचा टप्पा बंद असतो. आइन्स्टाइनचा जन्म याच गावात, १८७९ मध्ये. खाली डॅन्यूब नदी आहे, आणि ऑक्टोबरमध्ये बहुतेक सकाळी तिच्यावर धुकं असतं.

ट्युबिंगन हे नेकार नदीकाठचं विद्यापीठाचं गाव. संस्कृत-जर्मन महाकोशाचं प्रचंड काम करणाऱ्या दोघांपैकी एक, रुडोल्फ फॉन रोट, इथे शिकवायचे. त्या गल्ल्यांतून फिरताना वेदांचे शब्द इथे बसून लावले गेले हे आठवलं की आपण अगदीच परके नाही असं वाटतं. लुडविग्सबुर्गला राजवाड्याच्या बागेत शरदात भोपळ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, शेकडो जातींचे भोपळे रचून केलेल्या मूर्ती. श्टुटगार्टहून लोकलने पाव तास लागतो, त्यामुळे अर्ध्या दिवसाची सुट्टी असली तरी जमतं.

पानांचा रंग कधी बघायला मिळतो? पंचांगातला शरद आणि तिकडचा एकच का?

महिने जवळपास तेच, पण चित्र वेगळं. आपल्याकडे शरद म्हणजे पावसानंतरचं स्वच्छ आभाळ आणि ऑक्टोबरचा उकाडा; पानगळ आपल्याकडे शिशिरात. तिकडे दिवस लहान होऊ लागला आणि रात्री गारठल्या की झाडं पानांतलं हरितद्रव्य मोडून घेतात. हिरवा गेला की आधीपासूनच पानात दडलेला पिवळा-केशरी वर येतो. काही झाडांत लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, त्याला स्वच्छ ऊन आणि गार रात्र मानवते.

त्या भागात साधारण १० ऑक्टोबर ते महिनाअखेर हा काळ धरा. जोराचा वारा-पाऊस आला तर दोन दिवसांत सगळं खाली. म्हणून शनिवारी ऊन असेल तर शनिवारीच निघा, रविवारवर ढकलू नका.

एक युक्ती मला वॉर्डातल्या एका सहकारीणीने शिकवली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीखोऱ्यात दिवसभर राखाडी धुकं साचून राहतं, आणि त्याच वेळी वर श्वेबियन आल्पच्या पठारावर लख्ख ऊन असतं. गार, जड हवा खाली बसते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण पडतं. सकाळी खिडकीतून धुकं दिसलं की घरी बसू नका. डोंगरावरच्या गावाचा वेबकॅम मोबाइलवर उघडून बघा. वर पोचल्यावर खाली पांढऱ्या ढगांचा समुद्र दिसतो.

तिकिटाचं काय? रेल्वे महाग असते म्हणतात.

वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या आयत्या वेळी महाग पडतात. पण देशभरच्या सगळ्या लोकल, प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्राम यांना मिळून एकच मासिक पास आहे, त्याचं नाव डॉइचलांड-टिकेट. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. काही मालक त्यातला वाटा उचलतात, रुजू होतानाच विचारा. हा पास आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांना चालत नाही. आणि तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं.

पास नसेल आणि चार-पाच जण मिळून निघणार असाल तर राज्याचं एक दिवसाचं तिकीट घ्या. जास्तीत जास्त पाच जण, फक्त प्रादेशिक गाड्या. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं, बाकी दिवशी सकाळी ९ नंतर.

दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक, रुळांची कामं बऱ्याचदा सुट्टीच्या दिवसांतच काढतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. निघण्याच्या आदल्या रात्री ॲपवर पुन्हा एकदा बघा. दुसरी, काही गाड्या मधल्या स्टेशनवर तोडतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. मी एकदा खिडकीतून बाहेर बघत मागच्या डब्यात बसून राहिले आणि भलत्याच गावी उतरले. घोषणा झाली होती, मला ती समजली नव्हती. पुढची गाडी तासाभराने होती. तेव्हापासून डब्यात शिरताना दारावरचं गावाचं नाव वाचल्याशिवाय मी पाय आत टाकला नाही.

थंडी सोसेल का? आम्हाला ४२ अंशांची सवय.

ऑक्टोबरची थंडी सोसते. दुपारी १४-१५ अंश, पहाटे ५-६. त्रास होतो तो ओलीचा आणि वाऱ्याचा. एकच जाड जॅकेट घालून निघालात तर चढावर घाम येतो आणि थांबलात की तोच घाम गार पडतो. जर्मन लोक याला कांद्याची पद्धत म्हणतात, म्हणजे एकावर एक पातळ थर घालायचे आणि लागेल तसे काढायचे. कांद्याच्या बाजारपेठेच्या गावातल्या माणसांना हे जास्त समजावून सांगायला नको. आत घाम शोषणारा बनियन, मध्ये लोकरीचं, वर पाऊस-वारा अडवणारं पातळ जॅकेट. बूट तिथेच घ्या.

चालायची सवय नाही. तिकडे लोक डोंगरात पंधरा-वीस किलोमीटर चालतात म्हणे?

चालतात, आजी-आजोबासुद्धा. पण कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी माणसं आपण. ४५ किलोमीटर, रात्रभर, रस्त्याने. ज्यांनी ती वारी एकदा केली आहे त्यांना तिकडची आठ-दहा किलोमीटरची वाट अजिबात जड नाही. झाडांवर रंगीत खुणा असतात, फाट्यावर अंतराच्या पाट्या असतात. फरक एवढाच, की वाटेत कुणी चहा किंवा केळी घेऊन उभं नसतं. पाणी आणि खाणं आपलं आपण.

तिकडे आपल्या गड्ड्यासारखी जत्रा असते का?

असते, आणि तिची गोष्ट मला फार जवळची वाटते. श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोठी जत्रा भरते. पाळणे, खाऊचे गाडे, बिअरचे प्रचंड तंबू. लोक तंबूत शिरतात आणि तेवढंच बघून येतात. पण मैदानाच्या मधोमध एक उंच खांब असतो, धान्य, फळं आणि भाज्यांनी मढवलेला. तो आधी बघा.

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुळीने आणि वायूंनी सूर्यप्रकाश अडला, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं शेतात कुजली, व्युर्टेम्बर्गमध्ये लोक उपाशी मेले. नंतर पुन्हा पीक हाती आलं, आणि राजा विल्हेल्म पहिला व राणी काथारिना यांनी १८१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी ही जत्रा सुरू केली. उत्तम जनावरांना बक्षिसं, नवी अवजारं, सुगीचे आभार. माझ्या आजीने ७२ चा दुष्काळ पाहिला होता, खडी फोडायला गेली होती. त्या खांबावर बांधलेली गव्हाची ओंबी बघून मला तीच आठवली.

शाकाहारी माणसाने सहलीत खायचं काय?

विचारून खायचं. शरदातला तिथला खास पदार्थ म्हणजे कांद्याचा केक, त्स्वीबेलकूखन. नावात केक असला तरी तो गोड नसतो: खाली पावासारखा थर, वर भरपूर परतलेला कांदा, साय आणि अंडं. ऐकायला शाकाहारी वाटतो, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. "ओने श्पेक?" असं विचारा, म्हणजे त्याशिवायचा आहे का. माउलटाशन हे करंजीसारखं दिसणारं प्रकरणही सहसा मांसाचंच असतं, भाजीचं वेगळं मिळतं. अंडं चालत असेल तर चीज घातलेले श्पेट्झलं, म्हणजे अंड्या-मैद्याच्या मऊ शेवया, पोटभरीचे. भोपळ्याचं सूप जवळजवळ सगळीकडे मिळतं.

केकसोबत नवी वाइन पितात, अजून आंबत असलेली. नीरा उन्हात राहिली की जसं होतं तसाच प्रकार. ती बाटलीत असतानाही फसफसत असते, म्हणून तिचं झाकण घट्ट लावलेलं नसतं. माझ्या मैत्रिणीने ती बाटली पिशवीत आडवी टाकली आणि गाडीतून उतरेपर्यंत तिचा स्वेटर, पासपोर्टचं पाकीट, सगळं भिजून चिकट झालं. बाटली उभीच धरायची. न पिणाऱ्यांसाठी त्याच ठिकाणी द्राक्षांचा ताजा रस असतो, तोही सुरेख.

मळेवाले आपल्याच घरात वर्षातले जास्तीत जास्त चार महिने असं छोटं खाणावळवजा दुकान चालवतात, चाळीस माणसं बसतील एवढंच. दाराबाहेर खराटा टांगलेला दिसला की समजायचं, उघडं आहे. आपल्याकडचे बार्शी-पंढरपूरचे बागायतदार तिथे गेले तर तासन् तास बोलत बसतील.

घरून काय न्यावं?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सहलीला यापेक्षा चांगलं काही नाही. भाकरी टिकते, पिशवीत जागा घेत नाही, तिथलं घट्ट दही घेतलं की जेवण झालं. बाड उराखला धबधब्याच्या वरच्या बाकावर मी भाकरी मोडत होते, कट्टकन आवाज झाला, शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. मी अर्धी दिली, वर चटणी घातली. त्यांनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, पण थांबल्या नाहीत. "हा तर आमचा क्नेकेब्रोट," म्हणाल्या. तिकडे कडक, पापडासारख्या पावाला तसं म्हणतात. मग आम्ही दोघी तासभर ज्वारीवर बोललो, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये.

तूप, पेढे, खवा नेऊ नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत नेण्यावर युरोपीय संघात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

रानात काही धोका?

वाघ-बिबट्या नाही, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. नर्स म्हणून हे मी कळकळीने सांगते.

गोचीड. अगदी बारीक, गवतातून पायावर चढते, शरदातही असते. तिच्यामुळे मेंदूज्वर आणि लाइम आजार होऊ शकतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या मेंदूज्वराच्या जोखमीच्या भागात मोडतं. मेंदूज्वरावर लस आहे, डॉक्टरांना विचारून घ्या; लाइमवर लस नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेवर तपासा.

अळंबी. तिकडची माणसं टोपल्या घेऊन रानात जातात, ते बघून आपण तोडायच्या नाहीत. हिरवट रंगाची एक विषारी अळंबी खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू होईपर्यंत विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. शंका आली तर लक्षणांची वाट न बघता ११२ ला फोन करा.

चेस्टनट. खायचं आणि न खायचं अशी दोन झाडं असतात. खायच्या फळाला टोकाशी बारीक शेंडी असते आणि त्याचं टरफल साळिंदरासारखं गच्च काट्यांचं. न खायचं फळ गोल गुळगुळीत, त्याच्या टरफलावर काटे विरळ. शेंडी नसेल तर तोंडात घालू नका.

घड्याळ बदलतं म्हणजे काय होतं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन वाजवतात. त्या रात्री नाइट ड्युटी असेल तर ती एक तास लांबते. सोलापूरशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. सहलीच्या दृष्टीने मुख्य फरक उजेडाचा. १ नोव्हेंबरला श्टुटगार्टला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रानात त्याआधीच अंधारतं. म्हणून घड्याळ बदलल्यानंतर सकाळी नऊच्या आत घर सोडा आणि साडेतीनला परतीची वाट धरा. टॉर्च जवळ असू द्या.

रविवारी दुकानं बंद असतात का?

असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, आणि काही बेकऱ्या काही तास. शनिवारीच सामान भरा. १ नोव्हेंबरलाही त्या राज्यात सुट्टी असते. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुटी नाणी ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

शेजारच्या देशात जाता येतं का?

जर्मनीचा वास्तव्य परवाना असेल तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, काम करता येत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ पाहिजेत, सीमेवर तपासणी होते. परवान्याच्या जागी अजून तात्पुरता कागद असेल तर सीमा ओलांडण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. बोडनझे सरोवराच्या काठावर मोबाइल आपोआप स्विस नेटवर्क पकडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे डेटाचे वेगळे पैसे लागू शकतात. तिथे पोचण्याआधी रोमिंग बंद करा.

घरमालकीण म्हणते या आठवड्यात झाडलोट तुमची. मग सहल?

झाडलोट आधी. श्वेबियन भागात भाडेकरूंना पाळीपाळीने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडावा लागतो. शरदात ओली पानं साचतात, त्यावरून कुणी घसरलं तर बोलणी बसतात. शनिवारी सकाळी अर्धा तास द्या आणि मग निघा.

मुलगी एकटी डोंगरात फिरते, काळजी वाटते. (हा प्रश्न आयांचा.)

काकू, वाटणारच. माझ्या आईलाही वाटायची. आमचं ठरलेलं होतं: निघताना वाटेचं नाव आणि परतीची गाडी मेसेजवर कळवायची, आणि गाडीत बसले की फोन. तिकडे दुपारचे साडेतीन म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे रात्रीचे आठ. आईची भाकरी थापून झालेली असायची. मुलीला जाऊ नको म्हणू नका. पहिल्या दोन-तीन वेळा कुणाची तरी सोबत घे, एवढं सांगा. खोलीत एकटं बसून राहिलेली मुलं मी आजारी पडताना पाहिली आहेत.

दिवाळीत तिकडे फार एकटं वाटतं का?

हो. आपल्याकडे पहाटे अभ्यंगस्नान आणि तिकडे खिडकीबाहेर पाऊस. पहिल्या वर्षी मी सुट्टी असून घरी बसले आणि दिवसभर रडले. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या चौघीजणी मिळून चकली-शेव घेऊन एसलिंगनच्या मळ्यात गेलो, भिंतीच्या आडोशाला काचेच्या बरणीत मेणबत्त्या लावल्या, आणि तिथून चौघींनी आपापल्या घरी व्हिडिओ कॉल केला. आईला त्या दिवशी माझ्यापेक्षा मागची पिवळी पानंच जास्त दिसत होती. "कॅमेरा जरा फिरव की गं," एवढंच म्हणत राहिली.

सोलापुरी चादर न्यावी का?

सामानाच्या वजनात बसत असेल तर एक न्या, खोलीत पांघरायला. सहलीला नको, सुती चादर ओल्या गवतावर भिजली की त्या हवेत दोन दिवस वाळत नाही. बाकावर अंथरायला जाड प्लास्टिक घ्या आणि चादर घरी ठेवा. डोंगरातून गारठून आल्यावर तीच लागते.